पैसे देणारा पाहुणा

शिवाजी पार्कच्या आसपासच्या जुन्या, दोन-तीन मजली इमारतींतून अलीकडे एक प्रश्न वारंवार आमच्या कानी पडतो. तो विचारणारी कुटुंबे सुसंस्कृत आहेत, देवभीरू आहेत. मुले परदेशी किंवा उपनगरांत स्थायिक झालेली, घरात वृद्ध पतिपत्नी किंवा एकटी विधवा, निवृत्तिवेतन तोकडे आणि एक खोली रिकामी. हिंदुजा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्याचे नातेवाईक, सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेले कुटुंब, परीक्षेसाठी किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेला तरुण, माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनासाठी दुरून आलेली भाविक मंडळी, अशांना ती खोली चार दिवस भाड्याने दिली तर दोन पैसे मिळतात. तेव्हा ही कुटुंबे विचारतात, ‘फादर, पाहुण्याकडून पैसे घेणे योग्य आहे काय? आणि घेतलेच, तर तो आमचा पाहुणा राहतो काय?’

हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. वस्तुतः तो नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. त्याला दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, हा धंदा आहे. धंद्याला धंद्याचे नियम पुरेत, त्यात धर्म आणू नये. दुसरा पक्ष म्हणतो, आतिथ्य हे दान आहे. त्याला भावफलक लावला की ते नष्ट झाले. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळशी आहेत. पहिले माणसाला गिऱ्हाईक करून मोकळे होते. दुसरे गरीब यजमानाला विनाकारण अपराधी ठरवते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा अर्थ आपल्याकडे परंपरेने सांगितला जातो. आजचा पैसे देणारा पाहुणा तर तिथी ठरवून, आगाऊ रक्कम भरून येतो. म्हणजे शब्दार्थाने तो अतिथी नव्हेच. परंतु त्याचे स्वागत करणाऱ्याला आपण ‘यजमान’ म्हणतो, आणि यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा, स्वतःचे काही अर्पण करणारा. लॅटिन भाषेत ‘होस्पेस’ या एकाच शब्दाने पाहुणा आणि यजमान या दोघांचाही बोध होतो. जणू त्या भाषेला ठाऊक होते, की आज जो दार उघडतो तो उद्या दुसऱ्याच्या दारात उभा असेल. त्याच शब्दाच्या कुळातून ‘हॉस्पिटल’ आणि ‘हॉटेल’ हे दोन्ही शब्द आले. दया आणि व्यवहार ही एकाच घरातील भावंडे आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

आता शुभवर्तमानाकडे वळू. दयाळू शोमरोनी माणसाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत लुटारू आहेत, जखमी आहे, याजक आणि लेवी आहेत, शोमरोनी आहे. आणि शेवटी आणखी एक माणूस आहे, ज्याच्यावर प्रवचनांत क्वचितच कोणी बोलतो. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी त्याच्या हाती दोन दीनार ठेवतो. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून आपल्याला कळते, की एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम, आणि वर जास्त खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे आश्वासन. प्रभू येशू या व्यवहाराला नावे ठेवत नाही. उलट, हा व्यवहार नसता तर शोमरोन्याची दया रस्त्यावरच संपली असती. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतण्यास एक क्षण पुरतो. पण जखम भरण्यास छप्पर लागते, अंथरूण लागते, रात्री उठून पाणी देणारे कोणी तरी लागते. दयेला मुक्कामाची जागा हवी असते, आणि ती जागा येथे भाड्याची आहे.

एक भाषिक बारकावाही लक्षणीय आहे. प्रभूच्या जन्माच्या वेळी जेथे जागा नव्हती त्या ठिकाणासाठी संत लूकने ‘कताल्युमा’ हा ग्रीक शब्द योजला आहे. प्रभूने शेवटचे भोजन घेतले त्या पाहुण्यांच्या खोलीसाठीही त्याने तोच शब्द वापरला. शोमरोन्याच्या कथेत मात्र ‘पांदोखेइओन’ हा निराळा शब्द येतो. आपण मराठीत ‘उतारशाळा’ म्हणतो खरे, पण मूळ शब्दाचा अवयवार्थ आहे ‘सर्वांना स्वीकारणारी जागा’. पैसे घेणाऱ्या जागेला हे नाव होते! पैसे घेतल्यामुळे ती जागा हीन ठरत नव्हती. येईल त्याला स्वीकारते म्हणून तिला ते नाव मिळाले होते.

आपल्या मुंबईलाही हे नवे नाही. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या ‘कुडी’ होत्या. धोबीतलावच्या जेर महालात त्यांतील काही अजूनही टिकून आहेत. एकेका गावाची एकेक कूड. जहाजावरचा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे उतरे. नोकरीच्या शोधात आलेला तरुण तेथेच पहिली रात्र काढी. भिंतीशी ओळीने ठेवलेल्या पेट्या, जमिनीवर पसरलेल्या चटया, कोपऱ्यात वेदी आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणायची जपमाळ. महिन्याकाठी अल्प वर्गणी द्यावी लागे. ती वर्गणी होती म्हणून कूड टिकली. आणि जपमाळ होती म्हणून कूड केवळ निवारा राहिली नाही.

परळ-लालबागच्या गिरणगावात हेच काम खानावळवाल्या बायकांनी केले. घरदार कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेल्या गिरणी कामगाराला त्या महिन्याच्या बोलीने जेवू घालीत. त्यांनी पैसे घेतले म्हणून त्यांचे अन्न देणे हलके ठरले काय? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशाच स्त्रियांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारले आणि त्यांना बँकांच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. मंडळाचे नावच पुरेसे बोलके आहे. पोळीभाजीचे पैसे घेणारी बाई अन्नपूर्णा असू शकते.

तात्पर्य, पैसा हे पाप नव्हे. मग आतिथ्य नासते कशाने? आमच्या मते चार गोष्टींनी.

पहिली गोष्ट, यजमानाची अनुपस्थिती. आपल्या भाडेकायद्यात ‘पेइंग गेस्ट’ची व्याख्याच अशी आहे, की यजमान ज्या जागेत स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग त्याने दुसऱ्यास वापरण्यास द्यावा. म्हणजे एकाच छपराखाली राहणे हा कायद्यानेही त्या नात्याचा गाभा मानला आहे. आज जगभर पसरलेल्या एअरबीएनबी या व्यवसायाचा उगमही असाच घरगुती होता. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील दोन तरुणांना स्वतःच्या घराचे भाडे झेपेना. तेव्हा शहरात परिषदेसाठी आलेल्या तिघांना त्यांनी आपल्या दिवाणखान्यात हवेच्या गाद्यांवर पैसे घेऊन झोपविले. पुढे मात्र त्या वाटेने घरेच्या घरे केवळ भाड्यासाठी रिकामी ठेवली जाऊ लागली. किल्ली दाराबाहेरच्या पेटीत, यजमान दुसऱ्या शहरात, आणि पाहुणा व यजमान यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आणलेल्या नियमानुसार तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमानाने स्वतः तेथे राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनांपेक्षा अधिक नकोत. बार्सिलोना शहराने २०२४ साली जाहीर केले, की पर्यटकांना घरे भाड्याने देण्याचे सुमारे दहा हजार परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात येतील. कारण तेथील रहिवाशांनाच घरे मिळेनाशी झाली होती. दादर-माहीममध्ये जन्मलेल्या किती तरुणांना आज तेथे संसार थाटणे परवडते? एक खोली पाहुण्याला देणे निराळे, आणि दुसरे-तिसरे घर कोणाही कुटुंबाला न देता रात्रीच्या भावाने फिरवीत ठेवणे निराळे. पहिल्यात घर वाढते. दुसऱ्यात शेजार मरतो.

दुसरी गोष्ट, गरजेचा भाव लावणे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून भारताच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण तेथे येत आहेत, आणि त्यांचे आप्त आजही आसपासच्या पदपथांवर दिवस काढताना दिसतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्यांना आधार दिला आहे. आता समजा, अशा रुग्णाचा पिता आपल्या दारात उभा आहे. एरवी खोलीचा जो भाव आहे, तो त्याच्यासाठी वाढवावा काय? तो नाही म्हणू शकणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याच प्रश्नाचा विचार केला. त्यांचा निर्वाळा असा : देणाऱ्याचे स्वतःचे जे नुकसान होते ते त्याने किमतीत धरावे, परंतु घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणाने किंमत वाढवू नये, कारण ती गरज देणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकण्याचा अधिकार कोणालाही नाही. या विचाराची धार पाहा. चादरी, वीज, पाणी, आपले श्रम, आपली गैरसोय, हे सारे आपले आहे. त्याचे मोल अवश्य घ्यावे. पण दुसऱ्याचा आजार आपला नाही. त्याचे मोल घेणे म्हणजे परक्याची वस्तू विकणे होय.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे : दार कोणाला उघडायचे?

शिवाजी पार्कच्या मैदानावर दरवर्षी ६ डिसेंबरला लाखोंचा समुदाय लोटतो. दादरच्या चौपाटीवर १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. त्या चैत्यभूमीच्या दर्शनासाठी खेड्यापाड्यांतून माणसे येतात. महानगरपालिका मैदानावर मंडप, पाणी आणि शौचालये यांची सोय करते. माणसे तेथेच रात्र काढतात. या दिवसांत सभोवतालच्या किती घरांची दारे उघडतात आणि किती कड्या आतून लागतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

हा प्रश्न आम्ही मुद्दाम येथे आणला, कारण निवारा नाकारणे म्हणजे काय हे स्वतः बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवले आहे. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारशाळेत, पारशी नाव नोंदवून, त्यांनी काही दिवस काढले. खरी ओळख उघड झाल्यावर काठ्या घेतलेली मंडळी आली आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. त्यांपैकी एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र भारतीय ख्रिस्ती होता. तो म्हणाला, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारून सांगतो. ते पतिपत्नी मूळचे ब्राह्मण कुटुंबातील होते. धर्मांतरानंतरही पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, हे बाबासाहेबांना पुढे कळले. हे उत्तर म्हणजे सभ्य शब्दांतला नकार होता. अखेर एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

ख्रिस्ती वाचकाने हा प्रसंग वाचताना पारशी उतारशाळेपाशी किंवा हिंदू मित्रापाशी थांबू नये. त्याने त्या ख्रिस्ती मित्राच्या उंबरठ्यापाशी थांबावे. तेथे कोणी शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. फक्त ‘विचारून सांगतो’ एवढेच म्हटले गेले. आजही असेच म्हटले जाते. ‘आमच्या इमारतीत चालत नाही’, ‘खोली नुकतीच गेली’, ‘फक्त आपल्यातलेच हवेत’. आडनाव ऐकल्यावर खोली गेलेली असते. मांसाहारी म्हणून, ख्रिस्ती म्हणून मुंबईत घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यापैकीही अनेकांच्या गाठी आहे. ज्याने ती चपराक खाल्ली आहे त्यानेच ती दुसऱ्याला द्यावी, याहून मोठी विसंगती कोणती?

आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदानुसार दुकान, उपाहारगृह, हॉटेल अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही. खाजगी घराचा त्या अनुच्छेदात उल्लेख नाही, हे खरे. परंतु ज्याला हॉटेलचे उत्पन्न हवे आहे, त्याने हॉटेलवर असलेले बंधन मात्र नको म्हणणे हे सद्सद्विवेकाला पटणारे नाही.

येथे कोणी विचारील, मग यजमानाने काहीच निवड करू नये काय? अवश्य करावी. एकटी राहणारी स्त्री केवळ स्त्रियांनाच खोली देईल, तर तो तिच्या सुरक्षिततेचा विवेक आहे. धूम्रपान नको, मद्य नको, रात्री दहानंतर गोंगाट नको, असा नियमही रास्त आहे. कसोटी एवढीच : आपला नियम माणसाच्या वर्तनाविषयी आहे, की त्याच्या जन्माविषयी? वर्तनाविषयीचा नियम पाहुणा पाळू शकतो. जन्माविषयीचा नियम पाळणे कोणाच्याही हाती नसते.

चौथी गोष्ट, अदृश्य श्रम. पाहुणा बदलला की चादरी बदलतात, न्हाणीघर घासावे लागते, भांडी वाढतात. हे काम बहुतेक घरांत कोण करते? घरकाम करणाऱ्या ताई. खोलीचे भाडे यजमानाच्या खात्यात जमा होते, आणि ताईंचा पगार मात्र ठरला तेवढाच राहतो. दर पाहुण्यामागे त्यांचा वेगळा मोबदला ठरवून द्यावा. आतिथ्याचे पुण्य आपल्या नावे आणि घाम दुसऱ्याच्या नावे, हा हिशेब देवाच्या वहीत जुळत नाही.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. कारण नीती तपशिलातच वसते.

खोलीचे वर्णन खरे करावे. उद्वाहक नसेल तर किती जिने चढावे लागतील ते लिहावे. आपल्याकडे गुडघ्यांचे रुग्ण येतात. नळाला पाणी कोणत्या वेळी येते, न्हाणीघर स्वतंत्र आहे की सामायिक, दादर स्थानक पायी किती मिनिटांवर आहे, हे आधीच सांगावे. छायाचित्रात खिडकीतून समुद्र दिसत असेल, तर तो खिडकीतूनही दिसला पाहिजे.

भाव एकदाच, लेखी सांगावा. अनामत रक्कम घेतल्यास ती कोणत्या कारणाने कापली जाईल हे पाहुणा येण्यापूर्वी सांगावे, आणि तो निघताना त्याच दिवशी परत करावी. गावाहून आलेला माणूस पाचशे रुपयांसाठी पुन्हा मुंबईला येऊ शकत नाही, या भरवशावर ती अडकवून ठेवणे ही चोरीच होय.

कायदा पाळावा. मुंबईच्या घरमालकांच्या मनातील भीतीला इतिहास आहे. १९४७च्या भाडेकायद्यातील सुधारणेनुसार १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेले परवानाधारक संरक्षित भाडेकरू ठरले. तेव्हापासून अनेकांनी घरे कुलूपबंद ठेवणेच पसंत केले. २००० साली अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो; मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्याचा मार्गही त्यात आहे. तेव्हा जास्त दिवसांसाठी जागा देताना नोंदणी टाळू नये. पाहुण्याचे ओळखपत्र पाहावे, पोलिसांना द्यावयाची माहिती द्यावी, आणि पाहुणा परदेशी असेल तर ती चोवीस तासांत विहित नमुन्यात कळवावी. पर्यटकांना नियमित ठेवायचे असल्यास निवास व न्याहारी योजनेखाली रीतसर नोंदणी करावी. मिळालेले उत्पन्न आयकराच्या विवरणात दाखवावे. लपविलेल्या पैशातून अर्पण केलेली मेणबत्ती उजेड देत नाही.

शेजाऱ्यांना आधी सांगावे, मग पाहुणा आणावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेला लेखी कळवावे. जिन्यात रोज नवा चेहरा दिसला, तर वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीला धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. शक्य असल्यास पाहुण्याची तिच्याशी ओळख करून द्यावी; ओळख झाली की धास्ती निम्मी होते.

पाहुण्याच्या खोलीत कोणत्याही सबबीखाली कॅमेरा नसावा. दाराला आतून कडी असावी. रात्री पाण्याचा तांब्या आणि रुग्णालयाचा, पोलीस ठाण्याचा व आपला दूरध्वनी क्रमांक उशाशी असावा. आणि पहिल्या दिवशी पाच मिनिटे त्याच्यासोबत बसून चहा घ्यावा. या पाच मिनिटांचा भाव लावता येत नाही, म्हणूनच ती महत्त्वाची. वर्षातून काही रात्री रुग्णांच्या आप्तांसाठी निम्म्या भावाने किंवा विनामूल्य राखून ठेवता आल्या, तर उत्तमच. मात्र ते ऐपतीप्रमाणे ठरवावे. ज्या विधवेचे औषधपाणीच त्या खोलीवर चालते, तिच्यावर दुसऱ्याने दानाचे ओझे लादू नये; तिने रास्त भाव घेतला आणि दार उघडे ठेवले, तरी तिचे कर्तव्य पूर्ण झाले.

शेवटी पुन्हा त्या उतारशाळेच्या रक्षकाविषयी एक विचार. शोमरोन्याने दोन दीनार दिले आणि तो पुढे निघून गेला. त्यानंतर काय घडले, हे शुभवर्तमान सांगत नाही. रक्षकाने जखमीची शुश्रूषा केली की त्याला गोठ्यात टाकून दीनार खिशात घातले? रात्री तो कण्हू लागला तेव्हा उठून पाणी दिले की कूस बदलली? शोमरोनी परतल्यावर हिशेब खरा सांगितला की फुगवून? तो जखमी आपल्या जातीचा आहे की परका, याची चौकशी केली काय? प्रभूने ही जागा कोरी ठेवली आहे. याजकाचे, लेव्याचे आणि शोमरोन्याचे वर्तन लिहून झाले आहे. रक्षकाचे लिहावयाचे राहिले आहे. ज्यांच्या हाती एक रिकामी खोली आणि तिची किल्ली आहे, त्या प्रत्येक कुटुंबाने ते आपापल्या घरी लिहावे.